जहाजवाल्या चाचांच्या बातम्या

भिवंडीत रागीट माणसांची वाण कधीच नव्हती, पण राग ज्यांना शोभून दिसायचा असे एकच, आमच्या शेजारचे जहाजवाले चाचा. कोकणी मुसलमान, अर्धा जन्म मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलेला. चहा गार आला तर रागवायचे, गरम आला तर जीभ भाजली म्हणून रागवायचे. गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडले की ‘लाईट कापली हरामखोरांनी’ आणि सुरू झाले की ‘कान फुटले’. पण हे सगळे किरकोळ राग. ठेवणीतला राग होता तो टीव्हीवरच्या सरकारी बातम्यांवर.

त्याचं मूळ फिलिपिन्समधल्या मनिलात. शहाऐंशी साली पाय मोडून चाचा तिथल्या इस्पितळात पडले होते. समोर टीव्ही आणि रोज संध्याकाळी सरकारी बातम्या. चाचा मला, शाळामास्तराला, सांगत, “तो टायवाला सांगतो, शहरात शांतता हाय. आन् माझ्या खिडकीखाली रस्ता मानसांनी भरलेला, मास्तर! मुंगीला जागा न्हाय!” मग एक दिवस पडदा काळा झाला. राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. बातम्यांचं नाव बदललं, संगीत बदललं. “आठ दिसांनी बघतो तर तोच टायवाला! तोच भांग! आता नव्या सरकारची तारीफ करतोय!” पुढे जहाज चार वेळा मनिलाला लागलं, आणि चाचांच्या म्हणण्याप्रमाणे दर खेपेला बातम्यांचं नाव नवं होतं. “खोटं तेवढं जुनंच!” हे सांगताना त्यांच्या मानेची शीर अशी फुगे की तो टायवाला जणू आमच्या नाक्यावरच उभा आहे.

नव्वदनंतर चाचा कायमचे घरी आले. एका पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी गल्लीत कमरेएवढं चढलं, लूम बुडाले, आणि संध्याकाळी टीव्ही म्हणाला, ठाणे जिल्ह्यात जनजीवन सुरळीत. चाचा ओल्या लुंगीनिशी ओट्यावर चढून गरजले, “ऐका रे! आजपासून खबरा मी देनार!” आणि खरोखरच रोज बातम्यांच्या वेळी ते ओट्यावर उभे राहू लागले. कुठल्या चाळीत नळाला पाणी नाही, कुठल्या कारखान्यात कामगारांना पंखा नाही, सगळं नावानिशी. पलीकडच्या गल्लीतली माणसं टीव्ही बंद करून ऐकायला यायची.

मग ती दुपार आली. चाचांच्या धाकट्या बहिणीच्या, जिला सारी गल्ली खाला म्हणजे मावशी म्हणे तिच्या, मुलाचे लूम होते. तिथं एका कामगाराची दोन बोटं पट्ट्यात तुटली आणि भाच्यानं फडकं बांधून त्याला गुपचूप मुलुखाला जायला सांगितलं. कामगार रडत चाचांकडे आला. पाठोपाठ खाला आली. “भाई, एवढी एक खबर सोड. घरची इज्जत हाय.” मीही, आज सांगायला लाज वाटते, म्हणालो, “चाचा, घरातल्या घरात मिटवा.” ते माझ्यावर उसळले, “मास्तर, तुम्ही कधीपासून टाय बांधाया लागलात?”

संध्याकाळी त्यांनी ती खबर दिली. भाच्याचं नाव, बापाचं नाव, कारखान्याची गल्ली, काही गाळलं नाही. आवाज मात्र दोनदा फाटला. दुसऱ्या दिवशी भाच्यानं कामगाराला इस्पितळात नेलं, पुढे कामावरही ठेवलं. पण खालानं भावाशी बोलणं टाकलं. सहा ईदा गेल्या. ईदच्या दिवशी चाचा माझ्याकडे जेवत आणि आमच्या आमटीवर राग काढत.

सातव्या ईदेला खाला माझ्या घरी आली. झाकलेला वाडगा पुढ्यात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. चाचांनी चमचाभर शीरखुर्मा तोंडात घातला. मी मनात म्हटलं, आज तरी चाचा रागावणार नाहीत. “साखर कमी हाय,” चाचा म्हणाले. खाला झर्रकन वळली. “मरेपर्यंत सुधरनार न्हाय हा मानूस!” आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागली. चाचांनी वाडगा बोटानं निपटून खाल्ला. पुढची ईद त्यांना दिसली नाही. खाला अजून दर ईदेला माझ्याकडे वाडगा पाठवते. मी दर वेळी उत्तम झालाय म्हणून कळवतो, आणि ती म्हणते, “मास्तर, तुम्हाला चव कळत न्हाय.”