लिहिलेलं माप

दिवाळीपर्यंत ऑफिसातले सगळे ड्रॉइंग बोर्ड काढायचे, असं साहेबांनी सकाळच्या चहाच्या वेळी सांगितलं. सांगताना ते बिस्किट बुडवत होते, त्यामुळे मला आधी वाटलं, भिंतींना रंग द्यायचा असेल. मग ते म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर. ज्याला येईल तो राहील." शिपायानं माझ्यापुढे ठेवलेला चहा तसाच गार झाला.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि त्यातली पंचवीस वर्षं त्या बोर्डापुढे उभं राहण्यात गेली होती. गुलमंडीत एका कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस. साहेब इंजिनिअर, लोकांच्या घरांचे आणि अपार्टमेंटचे नकाशे करून देत, आणि ते कागदावर काढणारा ड्राफ्ट्समन मी. शहर चहूबाजूंनी सुटलं होतं. काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटचे दगड दिसत. पावसानं मात्र सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, तरी बांधकामं थांबत नव्हती. येणारा प्रत्येक मालक खोल्यांचं बोलण्याआधी जमिनीखालची टाकी मोठी करून मागायचा.

मला भीती वाटत होती. उगाच दुसरं नाव कशाला देऊ? मुलगी बारावीला होती. मला हात चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि आता हातच नको झाला होता. बायकोला मी "ऑफिसचं ट्रेनिंग आहे" एवढंच सांगितलं आणि शहागंजातल्या एका कॉम्प्युटर क्लासात संध्याकाळचं नाव घातलं.

क्लासात माझ्या आजूबाजूला विशीतली पोरं. शिकवणारा इतका भरभर सांगे की मी पहिलं बटण शोधेपर्यंत त्याचं दहावं झालेलं असायचं. माउस हातात धरला की घाम सुटायचा. आपण काहीतरी दाबू आणि ते महागाचं यंत्र कायमचं बंद पडेल, अशी मला खात्रीच होती. शिकवणारा विचारायचा, "समजलं?" सगळ्यात आधी मीच मान हलवायचो. 'समजलं' म्हणण्यात त्या दिवसांत माझा हात कुणी धरला नसता.

ऑफिसात नुकतीच एक मुलगी लागली होती. पैठणकडची, डिप्लोमा झालेली, कॉम्प्युटरवर काम करायलाच घेतलेली. तिच्या येण्यानंच माझा बोर्ड जाणार, म्हणून पहिले काही दिवस मी तिच्याशी बोललोही नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. एके दुपारी मी तिच्या रिकाम्या खुर्चीवर बसून माउसला हात लावावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात ती डबा घेऊन आली.

"काका, भिऊ नका," ती म्हणाली. "चावत नाय ते."

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती मला शिकवू लागली. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर. मी चुकलो की "काका, पुन्हा," एवढंच म्हणायची. दहादा चुकलो तरी दहादा तेच, आणि एकदाही हसली नाही. मला वाटतं, त्या वर्षी मी टिकलो तो तिच्यामुळे.

तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "काका, इथं रेघ खऱ्या मापाची काढायची. आकडा मशीन त्या रेघेवरून घेतं. माप बदललं तर रेघ बदला, आकड्याला हात लावू नका. समजलं का?"

"समजलं," मी म्हणालो.

आमच्या हातकामात उलटं होतं. माप बदललं की ट्रेसिंग पेपरवरचा जुना आकडा अर्ध्या ब्लेडनं हलकेच खरवडायचा आणि तिथं नवा लिहायचा. एका आकड्यासाठी अख्खी भिंत कोण पुन्हा काढणार? म्हणून तर प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात आम्ही लिहीत असू, की लिहिलेलं माप धरावं, कागदावर मोजू नये. साइटवरचे मिस्त्रीही त्याच वळणाचे. पंचवीस वर्षं मी त्यावर जगलो होतो.

सातारा परिसरातल्या एका अपार्टमेंटचा नकाशा साहेबांनी मला कॉम्प्युटरवर करायला दिला. माझं पहिलं काम. तो झाल्यावर मालकाला टाकी मोठी हवी झाली. टाकी दोन कॉलमच्या मधे होती, म्हणून त्यांच्यातलं अंतर बारा फुटांचं साडेतेरा करायचं ठरलं. मी आकड्यावर गेलो, बारा पुसले, साडेतेरा लिहिले. रेघा होत्या तिथंच राहिल्या. ब्लेडसुद्धा लागलं नाही, म्हणून मी जरा खूशच झालो होतो.

पुढे पायाचा नकाशा मुलीनं केला. तिनं माझ्याच रेघा घेतल्या, आणि मशीननं तिला त्या बारा फूट मोजून दिल्या. साइटवर त्याच मापानं चुन्याची फक्की पडली, खड्डे झाले.

काँक्रीट टाकायच्या दिवशी अकराच्या सुमारास मिस्त्री स्वतःच ऑफिसात आला. "पानी का टँकर नै आया साब," तो म्हणाला. "खाली बैठे थे, तो टाकी का माप मारके देखा. दोनो कालम में टाकी नै बैठरी."

साहेबांनी दोन्ही नकाशे टेबलावर पसरले. मी माझ्या जागेवरून बघत होतो. "पायाच्या नकाशावर बारा, पहिल्यावर साडेतेरा," ते म्हणाले. मला एका क्षणात सगळं कळलं.

साहेबांनी मुलीला हाक मारली. "इथं साडेतेरा लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"सर, मी रेघेवरूनच घेतलं," ती म्हणाली. तिनं माझ्या नकाशाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. तिला कळलं होतं. ती माझं नाव घेईल म्हणून मी मान खाली घालून पट्टी पुसायला लागलो. तिनं नाव घेतलं नाही.

"टँकर आला असता, काँक्रीट पडलं असतं म्हणजे?" साहेबांचा आवाज चढला. "उद्यापासून दुसरीकडं बघ."

ती जागेवर जाऊन बसली. समोरच घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे: मी पंचवीस मिनिटं गप्प बसलो. त्या पंचवीस मिनिटांत मी स्वतःला काय काय सांगितलं! ती तरुण आहे, तिला कुठंही काम मिळेल. माझ्या घरी तीन माणसं आहेत. उद्या सांगू, साहेब शांत झाल्यावर. मग तिनं ड्रॉवरमधून डबा काढून पिशवीत घातला. जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती.

मी उठलो. साहेबांच्या खोलीच्या दारात गेलो. "तो आकडा माझा आहे," मी म्हणालो. "मी रेघ न बदलता आकडा बदलला. तिची काही चूक नाही."

साहेबांनी पट्टी घेऊन माझ्या नकाशावर मोजलं. मग म्हणाले, "मी तिला बोलत होतो तेव्हाच तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मला काढलं नाही. तिला बोलावून राहायला सांगितलं, मिस्त्रीला खड्डे नवे घ्यायला सांगितलं, आणि नकाशा आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त करावा म्हणाले. ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आधी रेघ निवडा, सर," ती म्हणाली.

मला वाटलं, साहेबांसमोर 'काका' नको म्हणून. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही ती 'सर'च म्हणाली. शिकवणं तिनं सोडलं नाही, उलट जास्त नेटानं शिकवलं, आणि दिवाळीच्या आधी मी क्लासची परीक्षा पास झालो. बोर्ड खाली उतरवले तेव्हा मी राहिलो. 'समजलं का' असं मात्र तिनं मला पुन्हा विचारलं नाही. करून दाखवा, म्हणायची.

वर्षभरानं तिला पुण्याला काम लागलं. जायच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले. दाराशी उभ्या शिपायाला म्हणाली, "येते बरं का, काका." मग माझ्या टेबलाशी आली, पेढा ठेवला आणि म्हणाली, "येते, सर."