ऑगस्टाचा मृत्यू

माझ्या तक्रारीमुळे माझ्या मुलीच्या शाळेतलं एक पुस्तक बंद झालं. ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाचा चांगला ग्रह व्हायला नको.

नारायण पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे मी आणि नववीतली सई. मंजिरी, माझी बायको, दीड वर्षापूर्वी कॅन्सरने गेली. तेव्हापासून आमच्या घरातलं संभाषण असं चालायचं :

"पोहे झालेत."

"हं."

"डबा घेतलास?"

"हं."

नातेवाईक म्हणायचे, "किती समजूतदार आहे हो पोर! रडत नाही, काही नाही." मी म्हणायचो, "माझ्यावर गेलीय." (आणि हे मी अभिमानाने सांगायचो!)

तर एके दिवशी जेवताना सई एक पातळसं इंग्रजी पुस्तक वाचत होती. आमटी गार झाली तरी हिचं डोकं वर नाही.

"काय आहे हे?"

"यंदा इंग्रजीला गजभिये मॅडमनी ती जुनी क्लासिक कादंबरी न घेता ही नवीन घेतलीय. भारी आहे, बाबा."

दीड वर्षातलं ते तिचं सर्वांत लांब वाक्य होतं. मी पुस्तक उचललं आणि मागचा मजकूर वाचला. गोष्ट एका मुलीची होती. तिची आई वारलेली. वडील घरात असतात, पण बोलत नाहीत.

मी पुस्तक जागेवर ठेवलं. अशा वेळी माणसाने काय करावं? मुलीला जवळ घ्यावं. मी लेटरहेड घेतलं.

तीन पानी तक्रार लिहिली! 'कोवळ्या मनांवर मृत्यूचा मारा', 'आधुनिकतेच्या नावाखाली निराशा', असले शब्द मला कुठून सुचले देव जाणे. शेवटी लिहिलं, 'आमची पिढी त्या अभिजात कादंबरीवर पोसली गेली. तीच पुन्हा शिकवावी.' (आमची पिढी त्या कादंबरीच्या गाइडवर पोसली गेली. त्यातही फक्त चांदणी केलेल्या प्रश्नांवर.) पत्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे उमटले. 'अगदी मनातलं लिहिलंत!' कुणाच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं.

आठवड्याभरात मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं. शेजारी गजभिये मॅडम बसल्या होत्या. नागपूरहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या, शांत, तिशीच्या आतबाहेरच्या.

"सर, तुम्ही ते पुस्तक वाचलंत का?" त्यांनी विचारलं.

"चाळलंय."

"सईने त्यावर एक निबंध लिहिलाय. तेवढा वाचून बघा."

"निबंध नंतर बघू. आधी पुस्तकाचं बोला."

मॅडमनी पुढे केलेली वही मिटून परत घेतली. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "पुस्तक थांबवतो आम्ही, मुलांकडच्या प्रतीही परत घेतो. पण जुन्या कादंबरीवर तुमची इतकी श्रद्धा आहे, तर मुलांना एक तास तुम्हीच द्या ना!"

हा टोमणा होता. मला तो सन्मान वाटला.

तयारीसाठी कादंबरी आणली. साडेपाचशे पानं! अकराव्या पानावर मी झोपलो. मग माळ्यावरून शाळेतलं गाइड काढलं. एक पाद्री, त्याची पडकी इस्टेट, वगैरे वगैरे. पुढे चांदणी केलेला प्रश्न : 'ऑगस्टाचा आजार व मृत्यू यांवर टीप लिहा.' उत्तरात होतं की पाद्रीबुवांचं तिच्यावर अतोनात प्रेम होतं, ती गेल्यावर ते खचले. ऑगस्टा म्हणजे धाकटी मुलगी, मी ताडलं. तेवढ्यावर इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात उभा राहिलो.

चाळीस मुलं. तिसऱ्या बाकावर सई, नजर बाकाच्या लाकडात रुतवलेली. मागे भिंतीला टेकून गजभिये मॅडम.

पहिली दहा मिनिटं मी भाषा, शैली, संस्कार यांवर काढली. दोन मुलं झोपली. मग मी ऑगस्टाच्या मृत्यूकडे वळलो. गाइडमधल्या दहा ओळी दोन मिनिटांत संपल्या, तास उरला पंचवीस मिनिटं! म्हणून मी पदरचं घालायला लागलो.

"ऑगस्टा पलंगावर पडलेली आहे," मी म्हणालो. "तिचा श्वास घरघरतोय. मध्येच थांबतो. सगळ्यांना वाटतं, संपलं. मग पुन्हा सुरू होतो. पाद्रीबुवा तिचा हात धरून बसलेत. हात इतका हलका झालाय की धरलाय की नाही तेच कळत नाही. ती पाणी मागते. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही असं सांगितलंय, म्हणून ते देत नाहीत. आणि मग ती जाते. पाणी न पिता जाते. पाद्रीबुवांना जन्मभर वाटत राहतं, द्यायला हवं होतं. दोन चमचे द्यायला काय हरकत होती..."

माझा आवाज फाटला. झोपलेली मुलंही जागी झाली होती. मला वाटलं, याला म्हणतात अभिजात साहित्याची ताकद!

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. (चष्मा आमच्याच दुकानातला.)

"सर, ऑगस्टा घोडी आहे."

"काय?"

"पाद्र्याची घोडी, सर. मी सुट्टीत वाचलीय अख्खी कादंबरी. ती तबेल्यात मरते."

त्यानंतर जे हसणं झालं, ते ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी खिंकाळलं! "घोडीला चमच्याने पाणी!" असंही एकजण ओरडला. हसल्या नाहीत दोघीच. गजभिये मॅडम आणि सई. सईने दप्तर उचललं आणि ती वर्गाबाहेर निघून गेली.

मी मागे धावलो. फाटकाशी ती थांबली.

"सई, अगं चुकलं माझं. घोडीचं मला..."

"आईने पाणी मागितलं होतं?"

मी फाटकाची सळई धरली.

"मला मावशीकडे पाठवलंस तू त्या दिवशी. मी तुला किती वेळा विचारलं, कशी गेली? तू म्हणालास, शांतपणे. आणि आज चाळीस पोरांना सगळं सांगितलंस. एका घोडीच्या नावावर!"

रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, समोर रसाच्या गुऱ्हाळाची घंटा वाजत होती, आणि मी पन्नाशीचा माणूस शाळेच्या फाटकाला धरून हमसाहमशी रडत होतो. वॉचमन म्हणाला, "साहेब, ॲडमिशन नाही झाली का?"

फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून मी सईला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. पाण्याचंही. तिने दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मी असते तर दिलं असतं." मी म्हणालो, "माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला गेलो. मुख्याध्यापिकांनी हात झटकले. "आता विषय समितीकडे गेलाय. नवीन पुस्तक बंद आणि जुनंही बंद. फक्त पाठ्यपुस्तक." गजभिये मॅडमना नववी काढून पाचवी दिली होती. मी त्यांच्या वर्गाबाहेर जाऊन माफी मागितली.

"माफीने नववी परत मिळत नाही, सर," त्या म्हणाल्या. मग पर्समधून त्यांनी स्वतःची प्रत काढून दिली. "ही सईला. आणि या वेळी चाळू नका."

त्या कधी पुन्हा नववीला आल्याच नाहीत. वर्षअखेरीस शाळा सोडून गेल्या. त्यावर मला आजवर एकही विनोद सुचलेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं पुस्तक घेऊन बसलो. मी मोठ्याने वाचायचं ठरलं होतं. पान उघडलं. 'माझ्या आईस, जिला मी हे वाचून दाखवू शकले नाही.' एवढं वाचून मी थांबलो. चष्मा काढला, डोळे पुसले, नाक शिंकरलं. सईला म्हणालो, "काय लिहिलंय गं! मी उगाच नावं ठेवली. हे खरं साहित्य!"

सईने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"बाबा, ही अर्पणपत्रिका आहे. कादंबरी पुढच्या पानावर सुरू होते."