सुमनबाईंच्या पदरातल्या दोन गोळ्या

सुमनबाई ठाकरे. नरखेड तालुक्यातल्या शेतकरी बाई. अन्याय झाला तो यांच्यावर. १९७४ साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, नागपुरात सदर भागातल्या आमच्या दवाखान्यात. आणि औषध त्यांच्या हातात ठेवलं ते मी. मी तिथे कंपाउंडर. डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, मी पुड्या बांधणार.

लघवीला जळजळ होते म्हणून बाई एसटीनं आल्या होत्या. पदराची गाठ सोडून त्यांनी दोन पांढऱ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"डॉक्टरसाहेब, मांग दुसऱ्या दवाखान्यातल्या या गोळ्यांनी माह्यं तोंड सोललं होतं. ह्या नोका देऊ मले."

"नाव काय गोळीचं?"

"पुडीवर नाव कोणी लिहिते का जी? तुमी तरी लिहिता का?"

डॉक्टर हसले. "बाई, पांढऱ्या गोळ्या छप्पन असतात." त्या दोन गोळ्या ड्रॉवरमध्ये सरकवल्या आणि चिठ्ठीवर लिहिलं, चार नंबर.

आमच्या बरण्यांवर नावं नव्हतीच, नंबर होते. धंद्याचं गुपित! चार नंबर म्हणजे सल्फा. जंतू मारणारं औषध, पण काही जणांना ते अजिबात सोसत नाही; तोंड, डोळे सोलून निघतात. मी बारा गोळ्या कोऱ्या कागदात बांधल्या. बाईंची गोळी बरणीतल्या गोळीशेजारी ठेवून पाहिली नाही. दहा सेकंदांचं काम होतं.

चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा दारात उभा. "माय सरकारी दवाखान्यात हाये. डोये उघडून नाही राहिले तिचे. काय देलं गा तुमी?"

बाईंच्या दोन गोळ्या अजून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. मी चार नंबरची बरणी उघडली. तीच गोळी. तीच मधली रेघ, तोच शिक्का.

बाई वाचल्या. उजवा डोळा गेला.

मी प्रत्येक पुडीवर नाव लिहू लागलो. डॉक्टरांनी पाहिलं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"सुमनबाईंनी."

"उद्या पेशंट नाव दाखवून दुकानातून गोळ्या आणेल. मग प्रॅक्टिस तू चालवणार?"

"दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवेल, साहेब. डोळा वाचेल."

"नोकरी करायची आहे ना?"

मी लिहीत राहिलो. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

संक्रांतीच्या सुमारास बाई स्वतः आल्या. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले.

"भांडाले नाही आली मी. त्या गोळीचं नाव लिहून द्या. चौथी शिकली आहो, वाचता येते मले."

डॉक्टरांनी पेन उघडलं. मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. बाईंनी कागद पदराला बांधला, जिथे गोळ्या बांधल्या होत्या तिथेच. त्या आठवड्यात बरण्यांवरचे नंबर मी ब्लेडनं खरवडले आणि नावं लिहिली. डॉक्टर चिठ्ठीवरही नावंच लिहू लागले.

एक डोळा घेऊन एक दवाखाना सुधारला. भाव फार झाला. बाकीचे दवाखाने अजून नंबरांवरच चालतात, आणि तुम्ही कोरी पुडी मुकाट्यानं खिशात घालता. आता घालू नका. पुडी परत सरकवा, "नाव लिहा" म्हणा, आणि लिहीपर्यंत तिथून हलू नका.