चंपाबाईचा आकडा

पोलादपूरच्या एसटी स्टँडबाहेर चंपाबाईची भज्यांची गाडी आहे. मी तालुका कचेरीतला कारकून. कचेरी सुटली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. तिच्याइतकी घाबरलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि पूर्वी ती अशी मुळीच नव्हती. उधारी मागणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई होती ती.

सगळं सुरू झालं ते सुट्ट्या पैशांवरून. एका ट्रकवाल्यावर ती खेकसली, "तीनदा सांगितला ना, सुट्टे नायत म्हनून!" त्याने सहज म्हणून मटक्यावर तीन लावलं आणि नेमकं तीनच आलं. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन चक्क तिच्या पायांवर डोकं ठेवलं. झालं! चंपाबाईच्या तोंडून आकडा निघतो, अशी स्टँडभर बोंब झाली.

मग कढईत भजी किती सोडली, बाई शिंकली किती वेळा, सगळं लोक मोजू लागले. मागच्या पानटपरीत मटकेवाला महिपती बसलेलाच असे, चिठ्ठीवर आकडे उतरवून घ्यायला. मला या मूर्खांचा संताप येई. तिला मात्र भीती वाटे, कारण हरलेला माणूस महिपतीला काही बोलत नसे, तो तिच्याकडे येई. एकजण कशेडी घाट उतरून आला आणि त्याने तिची चटणीची बरणी आपटून फोडली. "मुद्दाम खोटा आकडा दिलास," म्हणाला. तेव्हापासून तिने आकडा उच्चारायचंच सोडलं. भजी गिऱ्हाइकाने मोजायची, पैसेही त्यानेच डब्यात टाकायचे.

पण खरी भीती वेगळी होती. तिचा एकुलता एक धम्मपाल बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कामाला आहे. मटक्यापायी त्याने बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं, बायको माहेरी निघून गेली, तेव्हा कुठे बाबासाहेबांच्या फोटोपुढे शपथ घेऊन त्याने खेळ सोडला होता.

"भाऊसाहेब, त्याच्या कानावर जाता कामा नये," ती मला म्हणाली. "आयच आकडा देते म्हनून कळला, तर पोरगा गेला माझा."

गेल्या महिन्यात धाड पडली. पोलिसांनी महिपतीला उचललं आणि हवालदार गाडीपाशी आले. "आकडा देणारी तूच ना? मुलं किती तुला?" जबाबासाठी विचारलेला साधा प्रश्न. पण भोवतीची गर्दी एकदम चिडीचूप झाली, सगळ्यांचे कान तिच्याकडे. चंपाबाईने घाबरून तोंडावर हात दाबला.

"पंजा!" कुणीतरी पुटपुटलं.

हवालदारांची पाठ वळताच ती गर्दी शेजारच्या जुल्फिकारच्या राज्य लॉटरीच्या टेबलावर तुटून पडली. शेवटी पाच असलेली तिकिटं बघता बघता संपली. "अरे, हा सरकारमान्य धंदा हाय, याला बाईच्या बोटांशी काय घेनं?" जुल्फिकार बिचारा ओरडत राहिला. सरकारने एका खेळाला कुलूप लावलं, दुसऱ्यावर शिक्का मारला; खेळणारे तेच. चंपाबाईला मात्र हायसं वाटलं. मटकाच गेला, म्हणजे धम्मा वाचला.

पुढचं तिने मला सोमवारी सांगितलं. त्या दिवशी तिने गाडी लावलीच नव्हती, म्हणून मी तिच्या घरी गेलो होतो.

रविवारी धम्मपाल घरी आला. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी केली. तो जेवेना, ताटातल्या भाकऱ्या बोटाने बाजूला सारत बसला. तिला वाटलं, बायकोची आठवण आली असेल. मग लक्षात आलं, तो मोजतोय.

"धम्मा, काय करतोस रे?"

"कारखान्यात सगळे बोलतात, आये. लोकांना देतेस, नि मला नाय?"

"तू शपथ घेतली हायस!"

"ती मटक्याची. ही सरकारी लॉटरी हाय, हिला पोलीस धरत नाय." त्याने हात जोडले. "एकच आकडा सांग. मंगळसूत्र सोडवून आनतो, तिला घरी आनतो. मग नाय खेळनार."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तोंडातून काय निघेल आणि तो त्याचं काय करील, या धास्तीने शब्द फुटेना. हुंदका आला तसा तिने तोंडावर हात दाबला.

धम्मपाल तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग ताट तसंच टाकून उठला, पायांत चपला सरकवल्या आणि स्टँडच्या दिशेने पळत सुटला.