सातव्या यंत्रावरची माळ

त्या खंडेनवमीची गोष्ट मी विसरलेलो नाही. आजवर कुणाला पुरी सांगितली नाही, एवढंच. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, परभणीतच होता. कळमनुरीच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली पुसून, हळदकुंकू लावून मांडल्या होत्या, तेवढ्यात दवाखान्यातून खबर आली. कापसाच्या जिनिंगमधल्या एका कामगार बाईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, हवालदाराला जबाब घ्यायला धाडलं आणि पूजेला बसलो. घटनास्थळी गेलो दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला.

जिनिंगचे मालक फाटकातच भेटले. "साहेब, काल खंडेनवमी. आमचं एकही यंत्र चालू नव्हतं. बाई प्रसादाला आली होती, घेऊन गेली. बोटं घरी कडबा कापायच्या यंत्रात गेली असतील."

खंडेनवमीला यंत्राची पूजा करतात, ते चालवत नाहीत, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. मला लगेच पटलं.

आत ओळीनं सात यंत्रं होती. प्रत्येकावर झेंडूची माळ. सहा माळा कालच्या, मरगळून काळपटलेल्या. सातवी टवटवीत. ती मी पाहिली. तिच्यापुढं दोन क्षण थांबलोही. मग मालकांनी माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली, "सोनं घ्या साहेब" म्हणून गळाभेट घेतली. घरी सगळे जेवायला खोळंबले होते. मी पंचनाम्यात लिहिलं, 'सर्व यंत्रं बंद. पूजेच्या माळा जशाच्या तशा.' पंच म्हणून मालकांच्याच दोन माणसांनी सह्या केल्या.

लाच घेतली नव्हती. कुणी दिलीही नव्हती. लाच घेऊन लिहिलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

दीड वर्षानं ती बाई ठाण्यात आली. पदराखाली उजवा हात, डाव्यात कागद.

"जयभीम साहेब. भरपाईचा अर्ज फेटाळला. तुमच्या पंचनाम्यावरून. आता वरच्या कोर्टात अपील करून राहिले. वकील म्हणले, पंचनाम्याची नक्कल आणा."

"बाई, यंत्र तर बंद होतं. तुम्ही प्रसादाला गेला होता ना?"

ती हसली. "आमी बौद्ध, साहेब. आमच्या घरी खंडेनवमी न्हाई. प्रसादाला काहून जाऊ? कापसाच्या दोन गाड्या उभ्या व्हत्या. सणाच्या दिवशी दुसऱ्या बाया यंत्राला हात लावीनात, म्हून मालकानं मला बोलावलं. वरची माळ रोलरात ओढली गेली. ती सोडवायला गेले."

"हे जबाबात का नाही सांगितलं?"

"इचारलं कुणी? 'यंत्रात हात गेला' एवढंच लिहून जमादार म्हणले, अंगठा द्या. दिला डाव्या हाताचा." हातातला कागद पुढं करत म्हणाली, "बोटं गेली ते गेली, साहेब. पण निकालात मला खोटी बाई लिवलंय. पोरगी शाळेत जाती माझी."

मी नक्कल दिली. ती गेल्यावर जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी जिनिंगच्या मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. यंत्रं तोच चालू-बंद करायचा. तो तासभर "बंद व्हतं" याच्या पुढं जाईना. मी कितीतरी जणांना बोलतं केलं होतं. धमकीपेक्षा गप्प बसणं जास्त कामाला येतं, हा माझा अनुभव. गप्प बसलो. मग एकच विचारलं, "मिस्त्री, सहा माळा सुकल्या होत्या. सातवी ताजी कशी?"

तो हळूच म्हणाला, "पहिली फाटली, रगत लागलं व्हतं. दसऱ्याच्या सकाळी मीच दुसरी बांधली. पण साहेब, तुमी ती बघितली व्हती ना? मी कोपऱ्यातून तुमच्याच तोंडाकडं बघत व्हतो. म्हणलं, साहेब इचारतील तर सांगून टाकीन. तुमी काई इचारलं न्हाई. मंग मीबी गप बसलो."

चौकशी मी करत होतो आणि कबुली माझी निघाली.

मिस्त्रीनं नोकरीची पर्वा न करता प्रतिज्ञापत्र दिलं. ते पाहून मला मागं राहवेना. त्याच दिवशी मीही दिलं. वरच्या कोर्टानं प्रकरण पुन्हा पुरावा घेण्यासाठी खाली पाठवलं. साक्षीला उभा राहिलो तेव्हा मालकांच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटा पंचनामा लिहिलात?"

"हो. ताजी माळ पाहिली होती. लिहिली नाही."

गणवेशात इतकी वर्षं काढली, पण त्या दोन वाक्यांइतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो. ती बाई समोरच्या बाकावर होती. तिच्या साक्षीची पाळी आली. वकिलानं सण, प्रसाद, कडबा सगळं उलटसुलट विचारून पाहिलं. तिचं उत्तर तसूभर हललं नाही. शेवटी कारकुनानं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि डाव्या हातानं, सावकाश, सही केली. मधल्या वर्षांत शिकली होती.

निकाल तिच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, आणि 'खोटी' हा शब्द निकालातून गेला. बाहेर मी नमस्कार केला तर म्हणाली, "साहेब, एक माळ लिवायला लई दिवस लावले तुमी."

"चुकलं, ताई," मी म्हटलं. ठाण्यात आलेल्या कुणालाही तोवर मी हे म्हटलं नव्हतं.

माझी खात्याकडून चौकशी झाली, सेवापुस्तकात ठपका आला. तो योग्यच होता. पुढं मी नव्या फौजदारांना एवढंच शिकवलं की जागेवर त्याच दिवशी जा, पंच बाहेरचे घ्या, आणि ज्या गोष्टीपुढं पाय थांबला ती आधी लिहा.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी सेवापुस्तकातून माझी बक्षिसं वाचून दाखवली. ठपक्याचं पान आलं तसं वाचणाऱ्यानं शरमून पुढचं पान काढलं. मी त्याला थांबवलं आणि ते पान स्वतः मोठ्यानं वाचलं.