आमच्या उमेदवाराची बैलगाडी

प्राण्यांच्या हक्कांसाठी वेगळा पक्ष निघाला, तर तुम्ही त्याला मत द्याल?

मी देणार होते. घरोघरी पत्रकंही वाटली होती. काल आमचे उमेदवार अर्ज भरायला निघाले, ते सजवलेल्या बैलगाडीतून, सगळ्याच पक्षांचे जातात तसे. भर उन्हात गाडीत कार्यकर्ते दाटीवाटीने उभे होते आणि डाव्या बैलाच्या तोंडातून फेस गळत होता.

"दादा, उतरा ना. बैल दमलाय," मी म्हणाले.

"अगं, फोटो झाला की उतरतो. त्याच्यासाठीच तर लढतोय आपण."

रस्त्याकडेला उभे असलेले दुसऱ्या पक्षाचे नगरसेवक हसले. "चला, गुराढोरांच्या तक्रारी आता यांच्याकडे. आम्ही सुटलो."

बैल मान खाली घालून ओढत राहिला. दयेचं वेगळं दुकान थाटलं की बाकीचे निर्धास्त होतात, आणि दुकानदाराचं लक्षही हळूहळू गिऱ्हाइकाकडे वळतं. बैल काही गिऱ्हाईक नव्हे. त्याला मत नाही.

तुम्ही मत कुणालाही द्या. पण दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आधी गावच्या कोंडवाड्यात न्या आणि तिथल्या हौदात पाणी आहे का, ते वाकून बघायला लावा.