बाहेर टाचलेला शेरा

१२ मार्च १९९६. अंबरनाथच्या आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या फॉर्म्युल्यांच्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्या होत्या. फसलेल्या फॉर्म्युल्यांच्या फाइलींना मी "वापरू नये" असा शेरा जोडून ठेवला होता. फ्लॉपीवरून फाइली पोचल्या, शेरे पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच फाइली बघून रंग बनणार होता.

जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून मी उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. मशीन कुणाचं ते कळावं म्हणून त्याने आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतल्या बाजूला पेनाने माझं नाव लिहिलं. मग समोरच्या जीन्स कारखान्याच्या दारातल्या पँटींच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"वो देखो, मॅडम. चिठ्ठी टाचलीय ना? धुलाईत पँट राहते, चिठ्ठी जाते. तुमचा शेरा पण फाइलच्या बाहेर टाचलेला. तो सिस्टीमकडे वेगळा मागावा लागतो, त्याला सिस्टीम कॉल म्हणतात. फ्लॉपीवर कॉपी करणारा प्रोग्राम तो मागतच नाही."

"मग तुम्ही मागा."

"मागतो. तुम्ही चाय घ्या."

छोटा प्रोग्राम लिहून त्याने सगळे शेरे कागदावर छापून दिले.

"नव्या मशीनवर परत टाचून देऊ?"

"नको," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फसलेली एकेक फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत "वापरू नये" लिहिलं. त्याने माझं नाव लिहिलं होतं तसं, आत.